खोका बदलला, मांस तेच

मालाशी इमान : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण 2000 सालची युकिजिरुशी दुधाची विषबाधा पाहिली. होक्काइदोतल्या एका कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली, गरम राहिलेल्या दुधात जंतू वाढले, त्यांचं विष पावडरीतून पुढे गेलं आणि ओसाका परिसरात 13,000 हून अधिक माणसं आजारी पडली. ते प्रकरण हलगर्जीपणाचं होतं. आजचं प्रकरण त्याच उद्योगसमूहातलं आहे, पण जातकुळी वेगळी. इथे वीज गेली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. धडधाकट, नोकरदार माणसांनी एका खोक्यातलं मांस काढून दुसऱ्या खोक्यात भरलं, एवढंच.

हे घडलं निशिनोमियात. ओसाका आणि कोबे यांच्या मधलं हे शहर. तिथे 'निशिनोमिया रेइझो' नावाचं एक कोल्ड स्टोरेज होतं. रेइझो म्हणजेच शीतगृह. दुसऱ्यांचा माल भाड्याने थंड ठेवायचा, आला किती, गेला किती याची नोंद ठेवायची, मागितला तर साठ्याचा दाखला द्यायचा, हा त्यांचा धंदा. मालक होते योइची मिझुतानी. युकिजिरुशी फूड्स ही मांस विकणारी कंपनी त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं.

10 सप्टेंबर 2001 ला चिबा प्रांतात जपानमधली पहिली 'मॅड काऊ' रोगाची गाय असल्याचं जाहीर झालं आणि लोकांनी गोमांस खाणंच सोडलं. दुकानांतून माल उठेना. 18 ऑक्टोबरपासून सरकारने कत्तलखान्यात येणारं प्रत्येक जनावर तपासायला सुरुवात केली. पण त्याआधी कापलेल्या, न तपासलेल्या देशी मांसाचं काय करायचं? सरकारने ठरवलं की ते बाजारात जाऊ द्यायचं नाही, जनतेच्या पैशातून विकत घ्यायचं आणि नष्ट करायचं. निर्णय योग्य होता. लोकांचा जीव आणि शेतकऱ्याचं पोट, दोन्ही त्यात सांभाळलं जात होतं.

अट एकच होती : मांस देशी हवं. परदेशातून आलेल्या मांसाला पैसे नव्हते. युकिजिरुशी फूड्सकडे ऑस्ट्रेलियाचं मांस पडून होतं, तेही कोणी घेत नव्हतं. मग कंपनीच्या मीट सेंटरची माणसं मिझुतानींच्या शीतगृहात आली. ऑस्ट्रेलियाचे छापील खोके उघडले गेले, आतलं मांस देशी गोमांसाच्या खोक्यांत गेलं, वरून पट्टी चिकटली. सुमारे 14 टन मांस असं हातोहात जपानी झालं. शीतगृहाने दिलेल्या साठ्याच्या दाखल्यातही तसाच फेरफार झाला.

या लबाडीचा आकार नीट पाहायला हवा, कारण नेहमीच्या भेसळीपेक्षा ही वेगळी आहे. दुधात पाणी घातलं तर पिणाऱ्याला कधी ना कधी कळतं. मिरचीपुडीत विटकरीची भुकटी घातली तर जिभेला कचकच लागते. हे मांस कोणाच्या ताटात जाणारच नव्हतं. ते जाळलं जाणार होतं. चाखणारं कोणी नाही, तक्रार करणारं कोणी नाही, आणि भट्टीतून बाहेर पडल्यावर तर राखच. तपासणी होती, पण ती निवडक खोक्यांची, आणि खोके तर देशीच होते. खरं काय ते फक्त ज्यांनी खोके बदलले त्यांना ठाऊक, आणि ज्याच्या छपराखाली बदलले त्याला.

मिझुतानींनी ब्र काढला नसता तर? गिऱ्हाईक टिकलं असतं, भाडं येत राहिलं असतं. धंद्यातल्या कुठल्याही जाणत्या माणसाने त्यांना हाच सल्ला दिला असता. त्यांनी तो ऐकला नाही. जानेवारी 2002 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना सगळं सांगितलं, आणि तेही निनावी नव्हे. नाव देऊन, चेहरा दाखवून, कॅमेऱ्यासमोर. 23 जानेवारीला बातमी फुटली. एप्रिलअखेर युकिजिरुशी फूड्स ही कंपनी कायमची बंद झाली. ऑगस्टमध्ये निप्पॉन हॅमसारख्या बड्या समूहातही असाच प्रकार बाहेर आला.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच सांगायची आहे.

गिऱ्हाइकांनी एकेक करून निशिनोमियाच्या शीतगृहातला माल उचलला. उघड कोणी काही बोललं नाही. पण ज्याने एका गिऱ्हाइकाचं बिंग फोडलं तो उद्या आपलंही फोडेल, हा हिशेब सगळ्यांनी मनात केला. मग नोव्हेंबर 2002 मध्ये परिवहन मंत्रालयाने या शीतगृहाचा धंदा सात दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला. कारण? साठ्याचा दाखला खोटा होता. कायद्याच्या पुस्तकात बघाल तर आदेश बिनचूक आहे. दाखला खोटा होताच, तो दिलाही त्याच शीतगृहाने होता. पण तो खोटा आहे हे जगाला कळलं ते मिझुतानींनीच सांगितलं म्हणून. ज्याने दिवा लावला त्याच्याच घरातली जळमटं आधी दिसली, आणि दंड त्याला. उरलेली गिऱ्हाइकंही गेली. बिल भरायला पैसे नाहीत म्हणून वीज तुटली. ज्या इमारतीचा सगळा धंदा थंडीवर, तिची वीज तुटणं म्हणजे काय, हे सांगायला नको. शीतगृह रिकामं, अंधारं झालं.

मिझुतानी ओसाकात उमेदा स्टेशनाजवळच्या पादचारी पुलावर येऊन बसू लागले. समोर हकिगत लिहिलेला फलक, येणाऱ्याजाणाऱ्याला आपली बाजू सांगायची आणि वर्गणी मागायची. उमेदा म्हणजे ओसाकाचं दादर. लाखो माणसं रोज तिथून ये-जा करतात. त्या गर्दीत एक शीतगृहाचा मालक उन्हातान्हात बसला होता. लोक थांबू लागले, पैसे देऊ लागले, आणि 2004 मध्ये त्या वर्गणीच्या बळावर शीतगृह पुन्हा सुरू झालं. त्यांच्यावर पुढे एक माहितीपटही निघाला.

आतल्या माणसाने बाहेर येऊन सांगणं याला जपानीत 'नाइबु कोकुहात्सु' म्हणतात. या आणि अशा प्रकरणांनंतर जून 2004 मध्ये तिथल्या संसदेने अशा माणसांना संरक्षण देणारा कायदा केला. 1 एप्रिल 2006 पासून तो लागू झाला. पण तो होता नोकरदारांसाठी. कंपनीशी व्यवहार करणारा दुसरा व्यापारी त्यात बसतच नव्हता. म्हणजे ज्यांच्या प्रकरणाने या कायद्याची गरज देशाला दाखवली, त्या मिझुतानींना त्याचा उपयोग झाला नसता. मला हे फार लागतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो पुलावरचा माणूस नव्हता का?

नोकरदारांना तरी कायद्याचा किती आधार मिळाला, हे होक्काइदोतल्या तोमाकोमाइ गावच्या 'मीट होप' कंपनीत दिसलं. ही कंपनी खिमा पुरवायची. 'फक्त गोमांस' म्हणून विकलेल्या खिम्यात डुकराचं, कोंबडीचं, मेंढीचं मांस असायचं. लाली यावी म्हणून त्यात डुकराचं हृदय दळायचे. मालक मिनोरु तानाका कल्पक होते. खिमा एकसारखा मिसळणारं यंत्र बनवल्याबद्दल 2006 मध्ये त्यांना शिक्षणमंत्र्यांचा पुरस्कारही मिळाला होता.

त्याच वर्षी कंपनीतले एक माजी वरिष्ठ अधिकारी, किरोकु आकाहाने, प्रत्यक्ष खिमाच घेऊन कृषी मंत्रालयाच्या होक्काइदो कार्यालयात गेले. हातात मांस, तोंडी हकिगत, आणखी काय हवं? कार्यालयाने त्यांना परत पाठवलं. नंतर प्रकरण पेटल्यावर मंत्रालय म्हणालं की कंपनी एकाच प्रांतातली, म्हणून आम्ही कागद प्रांताकडे पाठवले. प्रांत म्हणाला, आमच्याकडे काही आलंच नाही. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. शेवटी असाही शिंबुन या दैनिकाने या खिम्याचे क्रोकेट विकत घेऊन त्यातल्या मांसाची डीएनए तपासणी करून घेतली, आणि 20 जून 2007 ला बातमी छापली. कंपनी बुडाली, कामगार रस्त्यावर आले, तानाकांना 2008 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

तानाकांनी एक बचाव केला होता : अर्ध्या किमतीच्या सेलवर उड्या मारणाऱ्या गिऱ्हाइकांचाही दोष आहे. हा बचाव आपल्या मंडईतही रोज ऐकू येतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. स्वस्त मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. त्याला 'या भावात गोमांस परवडत नाही, हा मिश्र खिमा घ्या' असं सांगता येतं. तसं लिहून विकला असता तर तानाकांचा खिमा कदाचित खपलाही असता. तोक्योतल्या निशी-कसाइ भागात पुष्कळ भारतीय राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. त्यांतल्या शाकाहारी बायका दुकानात पाकीट उलटं करून मागची अक्षरं एकेक लावून वाचतात : 'बुता' म्हणजे डुक्कर, 'उशी' म्हणजे गाय, 'कात्सुओ' हा मासा तर सूपच्या पुडीतही. त्यांच्यासाठी ती बारीक अक्षरं म्हणजे घरातला धर्म. तिथे कोणी खोटं लिहिलं, तर भाव काय होता हा प्रश्नच उरत नाही.

2007 हे सालच तसं होतं. ऑक्टोबरात इसे या तीर्थक्षेत्रातलं आकाफुकु सापडलं. 1707 पासूनची पेढी. भाताच्या मऊ गोळ्यावर लाल घेवड्याच्या गोड पुरणाचा थर, आणि पुरणावर बोटांनी उठवलेल्या लाटा. इसुझु नदीचा तो प्रवाह. इसेला गेलेला माणूस ही मिठाई घेतल्याशिवाय परतत नाही, जसा पंढरपूरहून चुरमुरे-बत्तासे आणल्याशिवाय कोणी येत नाही. 'आजचा माल आज' ही तिची ख्याती. प्रत्यक्षात माल गोठवून ठेवायचे आणि बर्फ वितळवल्याची तारीख 'तयार केल्याची' म्हणून छापायचे. उरलेले डबे नव्या कागदात गुंडाळून नवी तारीख घालायचे. याला कारखान्यात शब्दही होता : 'माकिनाओशी', म्हणजे पुन्हा गुंडाळणं. शब्द तयार झाला म्हणजे गोष्ट रोजची झाली. कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं होतं. लोक आजारी पडले नव्हते, चवही बिघडली नव्हती. तरीही तीनशे वर्षांच्या पेढीला दुकान बंद ठेवावं लागलं. फेब्रुवारी 2008 मध्ये ते उघडलं तेव्हा दारात रांग होती. लोकांनी क्षमा केली, आणि मला वाटतं बरोबर केलं. पण ती क्षमा मिठाईला होती, तारखेला नव्हे.

2007 च्याच डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु मंदिरात दरवर्षीप्रमाणे 'वर्षाचं अक्षर' लिहिलं गेलं. लोकांनी मतं देऊन निवडलेलं अक्षर मठाधिपती मोठ्या कुंचल्याने लिहितात. अक्षर होतं 'निसे' : खोटं. त्याचे दोन भाग पडतात, डावीकडे 'माणूस' आणि उजवीकडे 'करणं'.

गोमांसापुरता एक चांगला उपाय झाला. 2003 च्या कायद्याने जपानमधल्या प्रत्येक गुराला दहा आकडी नंबर मिळाला आणि पुढच्या वर्षअखेरीपासून तो दुकानातल्या पाकिटावरही आला. संगणकावर टाकला की ती गाय कुठे जन्मली, कुठे वाढली, कधी कापली, सगळं दिसतं. मी तो नंबर टाकून पाहिला आहे. एका पाकिटामागे एक जित्राब उभं राहतं. पण पाकिटावर नंबर चिकटवणारा हात माणसाचाच, आणि तो चुकीचा चिकटला तर ते सांगणारंही कोणीतरी त्याच खोलीत असावं लागतं.

पुढच्या आठवड्यात आपण क्युशू बेटावर, कुमामोतोच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. तिथे 'आसारी' नावाच्या शिंपल्या मिळतात, आपल्या तिसऱ्यांची भावंडं. 2021 च्या शेवटच्या तीन महिन्यांत 'कुमामोतोच्या' म्हणून देशभर विकल्या गेल्या त्या अंदाजे 2,485 टन. त्याआधीच्या आख्ख्या वर्षात कुमामोतोच्या चिखलातून निघाल्या होत्या 21 टन.