फोल्डिंग सायकल जुनी घेताना : समजुती आणि वस्तुस्थिती

फोल्डिंग सायकली हौसेने घेतल्या जातात आणि त्यातल्या पुष्कळशा वर्ष-दोन वर्षांत गॅलरीत कापडाखाली जाऊन बसतात. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे वापरलेली फोल्डिंग सायकल सहज मिळते, आणि कित्येकदा तिच्या टायरवरची नक्षीही झिजलेली नसते. घेणाऱ्याला ही चांगली संधी आहे. अडचण एवढीच की घेणारा आणि विकणारा, दोघेही त्याच त्या ऐकीव समजुतींवर बोलतात. त्यापायी चांगली सायकल नाकारली जाते आणि धोक्याची सायकल चकचकीत रंगावर खपते. माझे मत आधीच सांगतो : या सायकलीत घडीचा सांधा हाच खरा माल आहे. चेन, टायर, केबल, ब्रेक शू हे सगळे कोपऱ्यावरचा सायकलवाला बदलून देतो. सांधा गेला की त्याच्या हातात काही राहत नाही.

‘चाक लहान, म्हणजे पाय जास्त मारावे लागणार’

ही सर्वांत पसरलेली समजूत, आणि ऐकताना पटतेही. पण पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाणार, हे एकट्या चाकावर ठरत नाही. पुढच्या चक्राला दाते किती आणि मागच्या फ्रीव्हीलला किती, हेही त्यात धरावे लागते. हिशेब सोपा आहे : चाकाचा व्यास इंचांत घ्यायचा, पुढच्या दात्यांनी गुणायचा, मागच्या दात्यांनी भागायचा. २८ इंची जुनी काळी सायकल घ्या. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर उत्तर येते ६८. आता २० इंची फोल्डिंग घ्या. पुढे ५२ आणि मागे १४ असतील तर ७४. पायडलच्या एका फेरीत पहिली जाते साधारण साडेपाच मीटर, दुसरी जवळजवळ सहा. फोल्डिंगला पुढचे चक्र एवढे मोठे लावतात ते याचसाठी.

इंग्लंडमध्ये ॲलेक्स मोल्टन या अभियंत्याने १९६२ साली लहान चाकांची, रबरी सस्पेन्शन असलेली सायकल बाजारात आणली. मिनी मोटारीचे रबरी सस्पेन्शनही याच मोल्टनचे. ही सायकल घडीची नव्हती, पण लहान चाकाकडे लोक गंभीरपणे पाहू लागले ते तिच्यामुळे. १९८६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जिम ग्लोव्हरने मोल्टनवर ताशी ८२ किलोमीटरचा वेग गाठला. वाऱ्याला चुकवणारे कवच सायकलीवर चढवलेले होते, चाके मात्र लहानच होती.

लहान चाकाची खरी उणीव खड्ड्यात कळते. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निभावून जाते त्यात लहान चाक खोल उतरते आणि पलीकडच्या कडेवर आपटते. आपल्या रस्त्यांवर हा मुद्दा मी वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा मानतो. म्हणून फोल्डिंगला जरा रुंद टायर असावा आणि हवा बेताची असावी. टायरच्या कडेवर हवेचा जो मोठा आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरलीच पाहिजे असे नाही. पावणेदोन इंची टायर आणि सत्तर किलोचा स्वार असेल तर ५०-५५ पीएसआय पुरते.

दाते मात्र घेतानाच मोजा. पुढे ५२ आणि मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असेल तर वरच्या हिशेबाने ३७ येतात, आणि सामान लादून घाट चढताना ते जड जातात. पुढे ४४ दात्यांचे चक्र बसवले की ३१ येतात. फरक गुडघ्यांना लगेच जाणवतो. स्वस्त सायकलींत चक्र क्रँकला रिव्हेटने पक्के केलेले असते. तिथे सगळा क्रँकच बदलावा लागेल, तो खर्च किमतीत धरा.

‘ती बुटक्यांची नाहीतर मुलांची सायकल’

सीटची उंची मोजतात ती पायडलपासून. चाकाचा तिच्याशी संबंध नाही. लांब सीटपोस्टमुळे एकच फोल्डिंग सायकल घरातल्या पाच फुटी आईला आणि पावणेसहा फुटी मुलाला चालते, आणि ही तिची मोठी सोय आहे. सीट लावायची रीत अशी : सीटवर बसा, भिंतीला हात टेका, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच झाली. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर बहुधा ती खाली आहे. फोल्डिंग चालवणारे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि दोष लहान चाकाला देतात.

सीटपोस्टवर एक मर्यादारेषा कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली तर तेवढ्या उंचीवर ती सायकल तुमची नाही. जास्त लांबीचा सीटपोस्ट मिळवा, पण जाडी आधी मोजून घ्या. डहॉन कंपनीच्या बहुतेक सायकलींना ३३.९ मिलिमीटरचा लागतो, ब्रॉम्प्टन कंपनीच्या सायकलींना ३१.८ चा. साध्या सायकलीचा नळा त्यात बसत नाही, आणि पत्रा गुंडाळून बसवणे धोक्याचे आहे.

उंच माणसाला खरी अडचण येते ती सीट आणि हँडल यांच्या अंतराची. हँडलचा खांब एकाच जागी घट्ट असतो, त्यामुळे तिथे फारसा वाव नसतो. सीट रुळावर थोडी पुढेमागे सरकते, तेवढेच. निदान दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. वजनाची मर्यादाही विचारा. बऱ्याच फोल्डिंग सायकलींना ती १०० ते ११० किलोंच्या आसपास असते, आणि त्यात स्वार व सामान दोन्ही येतात.

‘ॲल्युमिनियमला गंज नाही, म्हणजे फ्रेम जन्माची’

लोखंडासारखा तांबडा गंज ॲल्युमिनियमवर चढत नाही, हे खरे. पण पोलादी बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला भिडतो तिथे, विशेषतः कोकणच्या खाऱ्या दमट हवेत, पांढरी भुकटी धरते आणि भाग एकमेकांत जाम होतात. त्याहून गंभीर गोष्ट धातूच्या थकव्याची. पोलादावर येणारा ताण एका मर्यादेच्या आत असेल तर ते तो ताण जवळजवळ कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहान लहान हादरेही त्याच्या खात्यात जमा होत जातात. फोल्डिंगमध्ये हा सगळा ताण दोन जागी एकवटतो : फ्रेमच्या मधल्या बिजागरीपाशी आणि हँडलच्या खांबाच्या बुडाशी.

म्हणून सायकल पाहायला दिवसाउजेडी जा. खिशात फडके आणि टॉर्च ठेवा. बिजागरी उघडून तिची दोन्ही तोंडे पुसा आणि वेल्डिंगच्या कडेकडेने टॉर्च तिरपी धरून पाहा. केसाएवढी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकले तर ती चीर आहे. रंगाचे पोपडे फक्त याच जागी उडाले असतील किंवा याच जागेला नवा रंग दिलेला असेल, तर संशय धरावा. मग सायकल उभी करून बिजागरी मिटा आणि तिचा खटका लावा, पुढचा ब्रेक दाबा, दुसऱ्या हाताची बोटे बिजागरीच्या फटीवर ठेवा आणि कोणाला तरी सायकल पुढेमागे हलवायला सांगा. फट बोटांखाली हलता कामा नये. हँडलच्या खांबाचीही अशीच तपासणी करा. उंच खांब थोडा लवचिक असतो, जोर दिला की किंचित वाकतो, त्याने घाबरू नये. मात्र ‘टक्’ असा आवाज किंवा हाताला बसणारा झटका आला तर तिथे खेळ आला आहे. चालत्या सायकलीचा हा खांब मोडला तर स्वार थेट तोंडावर पडतो. माझ्या यादीत तो मधल्या सांध्याच्याही वर आहे.

‘वेल्डिंग मारून घेऊ’ असे विकणारा म्हणेल. पोलादी फ्रेम जाणत्या कारागिराकडून जोडून घेता येते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमची गोष्ट निराळी आहे. ६०६१ जातीच्या मिश्रधातूला त्याची ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेने आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती त्या जागेपुरती उतरते, आणि परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत घालावी लागते. गल्लीतल्या वेल्डिंगने चीर झाकली जाते, कमजोरी तशीच राहते. अशी सायकल फुकट मिळाली तरी नको, आणि विकणाऱ्याला ती चीर दाखवून द्या, कारण तुमच्यानंतर दुसरा कोणी तिच्यावर बसणार आहे.

‘खटका सैल झालाय, जरा ठोकला की बसतो’

खटका ठोकून बसवायचा नसतो. त्याचा दांडा मिटताना साधारण अर्ध्या वाटेवर ताण जाणवू लागावा आणि तळहाताच्या जोराने तो पुरता बसावा. पाय द्यावा लागत असेल तर फार घट्ट, बोटाने मिटत असेल तर फार सैल. बहुतेक सायकलींत खटक्याच्या आत ताण कमीजास्त करणारा लहान नट किंवा स्क्रू असतो. पाव फेरी फिरवायची, मिटून पाहायचे, मग पुन्हा पाव फेरी. जरुरीपेक्षा घट्ट केल्यास खटका आणि बिजागरीची खीळ दोन्ही लवकर झिजतात. नट शेवटापर्यंत नेऊनही सैलपणा राहिला तर बिजागरी झिजली आहे, आणि त्या कंपनीचा सुटा भाग मिळतो का हे कळल्याशिवाय सौदा करू नये. खटक्याबरोबरची सुरक्षा कळ तुटलेली असेल तर ती आधी बसवून घ्या, मग चालवा.

‘वीस इंची म्हणजे वीस इंची’

टायरवर ‘२० इंच’ असे लिहिलेले असले तरी त्या नावाखाली निरनिराळी मापे आहेत. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास काही सायकलींत ४०६ मिलिमीटर असतो, तर काही हलक्या, वेगवान सायकलींत ४५१. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेला ‘४७-४०६’ असा आकडा शोधा : पहिला रुंदीचा, दुसरा या व्यासाचा. ४०६ असेल तर निश्चिंत राहा, मुलांच्या २० इंची सायकलींना हेच माप असल्याने टायर तालुक्याच्या गावीही मिळतो. १६ इंचीतही ३०५ आणि ३४९ अशी दोन मापे आहेत. ब्रॉम्प्टनची ३४९ आहे. ती घ्यायची तर जादा टायर आणि ट्यूब घरात ठेवावी लागेल.

‘गिअर सटकतोय, हब गेला’

हबच्या आत गिअर असलेल्या तीन गिअरच्या सायकली याच कारणासाठी मातीमोल विकल्या जातात. बहुतेकदा दोष केबलचा असतो. घडी घालता-उघडताना केबल ओढली जाते, सैल होते, आणि गिअर दोन जागांच्या मध्ये अडकून पायडल एकदम रिकामे फिरते. जुन्या स्टर्मी-आर्चर हबला गिअर दोनवर ठेवून एक्सलच्या नटाच्या खिडकीतून आत पाहायचे : साखळीला जोडलेल्या काडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी समपातळीत दिसला पाहिजे. शिमानोच्या सात-आठ गिअरच्या नेक्सस हबला गिअर चारवर ठेवून दोन खुणा एका रेषेत आणायच्या. हे इतके करूनही सटकत असेल तरच हब उघडण्याची वेळ आली. बाहेरच्या डिरेलरची सायकल असेल तर मागून पाहा. घडी केलेली सायकल उजवीकडे पडली की डिरेलर लटकवायचा पत्रा आत वाकतो, आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी गिअर जुळत नाहीत. पत्रा सरळ करणे किंवा बदलणे हे काम मोठे नाही.

जरुरीपेक्षा जास्त तेल घालण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून एक सांगतो : फोल्डिंगच्या सीटपोस्टला तेल किंवा ग्रीस लावू नका. तो कोरडा आणि स्वच्छ असला तरच क्लॅम्प त्याला धरून ठेवतो.

‘घडी झाली की कुठेही नेता येते’

घडी होणारी सायकल आणि विमानात नेण्याची सायकल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या ओरेगनमधली बाइक फ्रायडे ही कंपनी १९९२ पासून सुटकेसमध्ये मावणाऱ्या सायकली बनवते, पण सुटकेसमध्ये भरताना काही भाग सुटे करावे लागतात, वेळ लागतो. विमान कंपन्यांची मर्यादा बहुधा लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. ब्रॉम्प्टनची घडी तिच्या आत बसते. साध्या २० इंचीची घडी साधारण ८० बाय ६५ बाय ३५, म्हणजे १८० सेंटिमीटर भरते. शिवाय तिचे वजन १२ ते १४ किलो असते. बिजागरी आणि खटक्यामुळे घडीची सायकल साध्यापेक्षा हलकी नसते. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच नेता येतात. ‘विमानात टायर फुटतात’ हेही खरे नाही. मालाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायरवर चार पीएसआयच्या आसपास फरक पडतो. तरीही कंपनी हवा काढायला सांगेल तर काढावी.

रेल्वेत डब्यात नेण्याच्या पेटीची मर्यादा १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे. २० इंचीची घडी तिच्यात बसत नाही, आणि सामानाची मोफत सवलत सायकलीला लागू नाही. नागपूर मेट्रोत आणि मुंबई मेट्रोच्या २अ व ७ या मार्गांवर न दुमडलेली सायकलही नेऊ देतात. तेव्हा सायकल पाहायला जाताना फडक्याबरोबर मोजपट्टीही घ्या, घडी तिथेच मोजा, आणि तुमच्या रोजच्या प्रवासात ती बसत नसेल तर पैसे काढण्याआधी दुसरी सायकल पाहा.