घाटातील रुळाची पकड

कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा लोहमार्ग दर ३७ मीटरला एक मीटर खाली येतो. या चढावर गाडीच्या दर टन वजनामागे सुमारे २७ किलो इतकी ओढ तिला सतत मागे खेचत असते. इंजिनासह १,००० टनांची गाडी वर न्यावयाची तर केवळ चढासाठी २७ टनांचा जोर लागेल. समजा, इंजिन १२० टनांचे आहे. रूळ कोरडा व घर्षणांक ०.३ असेल तर त्याच्या चाकांना ३६ टनांपर्यंत पकड मिळते व गाडी चढते. रूळ ओला होऊन घर्षणांक ०.१५ झाला की पकड १८ टनांवर येते. मग इंजिन कितीही बलवान असो, चाके जागीच फिरू लागतात. घाटात मागून जादा इंजिने जोडतात, ती या अडचणीवरही तोड ठरतात.

उतरताना हाच अंक अधिक महत्त्वाचा. ब्रेक चाकाला आवरतो. गाडीला आवरते ती चाक व रूळ यांच्यातील नखाएवढ्या जागेतील पकड. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीजवळ ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रेक लावूनही एक प्रवासी गाडी घसरत पुढे गेली व दुसरीवर आदळली. रुळावर चिरडलेल्या पानांचा थर बसला होता.

असे प्रसंग संगणकावर उभे करून चालकांना सराव देता येतो, थांबण्याचे अंतरही आधी अजमावता येते. चाक रुळावर किंचित सरकत कसे चालते, याचे गणित डच शास्त्रज्ञ काल्कर यांनी १९६७ साली मांडले. परंतु त्या गणितात घर्षणांक बाहेरून घालावा लागतो. तो पुस्तकातून उचलला तर पडद्यावरील घाट खऱ्या घाटासारखा वागणार नाही.

म्हणून मोजणी प्रत्यक्ष रुळावर व्हावयास हवी. एका पद्धतीत लहान चाकाचे उपकरण रुळावरून हाताने ढकलतात. चाकावरील ब्रेक हळूहळू वाढवून ते कोणत्या जोराला घसरते हे पाहतात. काही देशांत यासाठी उपकरणे बसविलेली गाडीच चालविली आहे. नुसता अंक टिपून मात्र भागत नाही. वेळ, हवेतील दमटपणा, वळण की सरळ मार्ग, बोगदा की मोकळी जागा, वळणावरचे वंगण रुळाच्या माथ्यावर आले आहे काय, हे सर्व सोबत लिहावे लागते. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. पहाटेचे दव किंवा रिमझिम मात्र धूळ, गंज व पाने यांचा निसरडा लेप बनवते. केवळ भर पावसात मोजणी केली तर सर्वांत वाईट घडी निसटते.

आणखी एक गुंतागुंत आहे. पुढची चाके रूळ घासून काहीसा स्वच्छ करतात, त्यामुळे मागच्या चाकांना बहुधा अधिक पकड मिळते. हलक्या उपकरणाला आढळलेला अंक अवजड इंजिनालाही तंतोतंत लागू पडत नाही. त्यासाठी इंजिनाच्या चाकांचा वेग व गाडीचा खरा वेग यांतील तफावत धावत्या गाडीतच नोंदवून दोन्ही आकडे ताडून पाहतात. चालकाने वाळू सोडली असल्यास तेवढ्या नोंदी वेगळ्या ठेवतात.