एकच बोर्ड, दोन प्रोसेसर

२०१७च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवर रायझन ५ १६०० मागितला, तेव्हा दुकानदाराने दोनदा विचारलं, "इंटेल नको? नक्की ना?" त्याचंही चूक नव्हतं. गेमिंग म्हणजे इंटेलचे चार कोअर, हे कित्येक वर्षं ठरूनच गेलं होतं. मला त्याच पैशांत सहा मिळत होते. सोबत बी३५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६०.

२०१९च्या जुलैत रायझनची ३००० मालिका आली आणि हात शिवशिवायला लागले. ३६०० घ्यायचा, हे मनात पक्कं झालं होतं. मग एका रविवारी गेम चालू ठेवून आकडे बघितले. ग्राफिक्स कार्ड ९८ टक्क्यांवर घामाघूम, प्रोसेसर निवांत. नवा आणला असता तर तो आणखी निवांत बसला असता, एवढंच. पैसे वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी दिवसभर चिडचिडा होतो.

२०२०च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं, की पुढची पिढी जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवरही चालणार नाही. ओरड झाली, कंपनीने माघार घेतली. आमच्या ३०० मालिकेच्या बोर्डांचा नंबर लागायला मात्र २०२२ उजाडलं. मधलं २०२१ तर कार्डांच्या किमती ऐकूनच गेलं.

शेवटी २०२३मध्ये आरएक्स ६७०० एक्सटी घेतलं आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. 'सिटीज: स्कायलाइन्स'मधलं माझं शहर दीड लाख वस्तीचं. नव्या कार्डावर ते तसूभरही सुधारलं नाही. कार्डाचा वापर ५० टक्के, प्रोसेसरचा ४५. दोघेही मोकळे, मग अडतंय कुठे? ४५ हा आकडा फसवा असतो, हे तेव्हा कळलं. तो बारा थ्रेड्सची सरासरी सांगतो. वाढपी बारा, पण भाताचं भांडं एकाच्याच हातात. बाकीचे उभे राहिले म्हणून पंगत लवकर उठत नाही. खात्री करायला रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणलं. चित्र धुरकट झालं, फ्रेम्स तेवढ्याच. म्हणजे आता प्रोसेसरच.

तरी वर्षभर घोळत बसलो. नवा एएम५ घ्यायचा तर बोर्ड नवा, रॅमही डीडीआर५, म्हणजे घर बदलण्यासारखंच. तेवढ्यात जानेवारी २०२४मध्ये ५७००एक्स३डी आला, माझ्याच सॉकेटचा. त्याचा वेग साध्या ५७००एक्सपेक्षा कमी, त्यामुळे आधी नाक मुरडलं. पण त्याच्या पोटात एल३ कॅश ९६ एमबी. माझ्या १६००मध्ये १६. हजारो गाड्या-माणसांचा हिशेब ठेवणाऱ्या गेमला दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा घालावा लागतो, तो यामुळे बराच वाचतो.

आधी बायॉस. जुनाच प्रोसेसर बसवलेला ठेवून तो अपडेट करायचा आणि मध्येच वीज गेली तर बोर्डाचा दगड. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, म्हणून मुद्दाम शुक्रवार धरला. ते निभावलं. पण कूलर सरळ वर ओढला आणि वाळक्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. मशीन थोडा वेळ चालवून, पेस्ट गरम करून, कूलर पिळत काढायचा असतो, हे माहीत असूनही. तीन पिना वाकल्या. शिसकांडीच्या पेन्सिलीचं रिकामं टोक एकेका पिनेवर चढवून त्या सरळ करण्यात अर्धा तास गेला.

नव्या प्रोसेसरवर तेच शहर उघडलं. आधी २२ फ्रेम्स होत्या, आता चाळिशीच्या आसपास. साठ अजूनही नाहीत. पण कॅमेरा फिरवला की आधी जुन्या स्टेशनजवळ हमखास अडकायचा, तिथून तो सरळ पुढे गेला आणि चौकातली ट्राम न थबकता वळली. मी ती तीनदा बघितली.