सामायिक सीएनसीचे नवे वायरिंग (भाग सहावा)

सर्किट बोर्ड कोरणारे छोटे सीएनसी यंत्र रुसते तेव्हा बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा वायरींत सापडते. मोटरी वर्षानुवर्षे चालतात, कंट्रोलरही सहसा दगा देत नाही. हलत्या अक्षाबरोबर जाणाऱ्या वायरी मात्र प्रत्येक बोर्डामागे शेकडो वेळा वाकतात. त्यातून यंत्र अनेकांच्या वापरातले असेल, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले किंवा फॅब लॅबमधले, तर अडचण वाढते. कोणीतरी घाईत वायर पिळून वर टेप गुंडाळतो, दुसरा कोणी सेटिंग बदलून निघून जातो. महाराष्ट्राला अशी सामायिक यंत्रशाळा नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरची ती पहिली.

या भागासाठी उदाहरण घेतले आहे ते ३०१८ या वर्गातल्या यंत्राचे. कामाची जागा साधारण ३०० बाय १८० मिमी, २४ व्होल्टचा पुरवठा, तीन स्टेपर मोटरी, ब्रशवाली डीसी स्पिंडल मोटर आणि 'ग्रबल' हे मुक्त फर्मवेअर चालवणारा आठ बिटांचा कंट्रोलर, असा त्याचा संसार. अनेक ठिकाणी कंट्रोलर म्हणून आर्डुइनो उनोवर सीएनसी शील्ड बसवलेले असते, आणि त्यात ए४९८८ जातीचे तीन ड्रायव्हर खोचलेले असतात.

उघडण्याआधी लक्षणे वाचावीत. अक्ष सरकण्याऐवजी जागच्या जागी थरथरत असेल, तर मोटरच्या दोन कॉइलपैकी एकीची वायर तुटलेली असण्याचा संभव मोठा. एकाच कॉइलवर मोटरला फिरण्याची दिशा ठरवता येत नाही. अक्ष ठरावीक जागी पोचल्यावरच अडखळत असेल, तर आवरण शाबूत असून आतली तार तुटलेली असते आणि त्या वाकणापाशी ती सुटते. स्पिंडल सुरू होताच यंत्र अलार्म देऊन थांबले, तर लिमिट स्विचच्या, म्हणजे अक्ष टोकाला पोचल्याचे कळवणाऱ्या स्विचच्या, वायरीत नॉइज शिरतो आहे. बोर्डाच्या एका कोपऱ्यात चर खोल आणि दुसऱ्या कोपऱ्यात तांबे जसेच्या तसे, या तक्रारीचा वायरिंगशी काही संबंध नाही. तिथे कोरायची पाटी वाकडी आहे. आणि वीज बंद करून लीड स्क्रू हाताने हळू फिरवून पाहावा. कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला निघाला, तर अर्धे काम पान्यानेच होते.

जुने वायरिंग सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडाचा फोटो घ्यावा आणि ग्रबलला '$$' ही आज्ञा देऊन सगळी सेटिंग्ज उतरवून ठेवावीत. मोटरची वायर पुरवठा चालू असताना कधीही काढू नये. कॉइलमधला प्रवाह अचानक तुटला की व्होल्टेजची जी उसळी येते ती ड्रायव्हर जाळते. सामायिक यंत्रांवर मेलेल्या ड्रायव्हरांपैकी बरेचसे अशाच उत्साहाचे बळी असतात.

नव्या वायरिंगची सुरुवात भिंतीकडच्या बाजूने, म्हणजे अर्थिंगपासून होते. आपल्याकडे याकडे सर्रास दुर्लक्ष होते. २४ व्होल्टच्या एसएमपीएसच्या आत मेन्स आणि धातूचा खोका यांच्यामध्ये नॉइज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. तीन पिनांच्या सॉकेटात अर्थ पोचलेलीच नसेल, तर त्या कपॅसिटरांच्या वाटणीमुळे खोका २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्या विभवावर तरंगतो. यंत्राच्या चौकटीला हात लागताच मुंग्या येतात त्या यामुळे. प्रवाह अगदी थोडा असतो, पण यूएसबीमार्गे लॅपटॉपपर्यंत पोचून तो संवाद तोडू शकतो; शिवाय पुरवठ्यातले इन्सुलेशन कधी फुटलेच, तर रक्षणाला काहीच उरत नाही. म्हणून अर्थची वायर आधी एसएमपीएसच्या अर्थ टर्मिनलला आणि तिथून यंत्राच्या चौकटीला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून जोडावी. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग विजेला अडवतो. त्यावर नुसता स्क्रू आवळून मल्टिमीटर कंटिन्युइटी दाखवेलच असे नाही.

हलत्या भागांसाठी बारीक तारांची मल्टीस्ट्रँड वायर लागते. घरगुती वायरिंगमधली एकेरी जाड तार इथे काही आठवड्यांत तुटते. वायरी ड्रॅग चेनमधून न्याव्यात, वाकणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या दहापट तरी ठेवावी, आणि चेनच्या दोन्ही टोकांना केबल घट्ट बांधावी. म्हणजे ओढ जोडावर न येता केबलच्या अंगावर येते. स्क्रू टर्मिनलमध्ये घालायच्या टोकाला डाख लावण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती वाईट आहे. डाखाचा धातू दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू ढिला पडतो. त्याशिवाय डाख जिथे संपतो नेमकी तिथेच तार कडक होऊन तुटते. टोकावर फेरूल बसवून ती क्रिंपिंग पक्कडीने दाबणे हा खात्रीचा उपाय.

स्टेपर मोटरच्या चार वायरींतल्या जोड्या रंगांवरून ओळखू नयेत, कारण रंग उत्पादकागणिक बदलतात. मल्टिमीटर नसेल तरी चालते. मोटर सुटी असताना दोन वायरी एकमेकींना टेकवाव्यात. दांडा फिरवायला जड लागला की त्या एका कॉइलच्या. एका कॉइलची टोके अदलाबदल झाली तर अक्ष फक्त उलटा धावतो, आणि ते सेटिंगमध्येही सुधारता येते. दोन कॉइलींची एकेक वायर एकमेकींत गेली, तर मात्र अक्ष जागीच घुरघुरत राहतो.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो लिमिट स्विचवर. ग्रबलची मूळ रचना अशी: मायक्रोकंट्रोलर आतल्या रोधाने पिन ५ व्होल्टकडे ओढून धरतो आणि स्विच दाबला की ती जमिनीला टेकते. हा आतला रोध २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे पकड फारच सैल. शेजारून स्पिंडलची वायर जात असेल, तर ब्रशांच्या ठिणग्यांचा नॉइज त्या पिनला सहज खाली ओढतो आणि कोणीही स्विच न दाबता अलार्म होतो. यावर अनेक जण लिमिटच बंद करून टाकतात. पुढच्या वापरकर्त्याचा अक्ष चौकटीवर आदळतो तो त्यामुळेच. खरा उपाय थोडा लांबचा आहे. लिमिटच्या वायरी शील्ड असलेल्या केबलमधून, मोटरी आणि स्पिंडल यांच्यापासून वेगळ्या वाटेने न्याव्यात. केबलची ही शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला जमिनीशी जोडावी. पिनला बाहेरून ४.७ किलोओहमचा रोध ५ व्होल्टकडे आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीकडे द्यावा. स्पिंडल मोटरच्या टर्मिनलांवर थेट छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला, तर नॉइज उगमापाशीच कमी होतो.

स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने जोडणे अधिक शहाणपणाचे. तसे केले की वायर तुटताच यंत्र थांबते. नॉर्मली ओपन जोडणीत तुटलेली वायर टक्कर होईपर्यंत कळतच नाही. या बदलासाठी ग्रबलमध्ये '$५' हे सेटिंग १ करावे लागते. आणखी एक खोच सीएनसी शील्डच्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. तिच्यावरची अक्षरे ग्रबलच्या जुन्या आवृत्तीनुसार छापलेली आहेत. नव्या ग्रबलमध्ये स्पिंडलच्या गतीचे नियंत्रण पिन ११ कडे आणि झेड लिमिट पिन १२ कडे गेली, त्यामुळे 'झेड' असे लिहिलेल्या जागी स्विच जोडला तर तो मुकाच राहतो.

ड्रायव्हरचा प्रवाह ठरवणारा बारीक स्क्रू फिरवताना व्होल्टेज मोजतात. ए४९८८ मध्ये त्या व्होल्टेजला सेन्स रोधाच्या आठपटीने भागले की कमाल प्रवाह मिळतो. रोधावर 'आर१००' असे छापले असेल तर तो ०.१ ओहमचा, मग ०.८ व्होल्टला १ अँपिअर. मोटरच्या नामांकित प्रवाहाच्या थोडे खालीच थांबावे.

प्रोबचे वायरिंग सर्वांत सोपे आणि बोर्डासाठी सर्वांत मोलाचे. एक क्लिप तांब्याला, दुसरी थेट बिटला. स्पिंडलच्या अंगाला लावली तर बेअरिंगमधल्या ग्रीसमुळे संपर्क बेभरवशाचा होतो. बिट खाली येऊन तांब्याला टेकले की परिपथ पूर्ण होतो आणि त्या बिंदूची उंची नोंदली जाते. अशा बिंदूंच्या जाळीवरून सॉफ्टवेअर पाटीचा उंचसखलपणा ओळखून कोरण्याची खोली जागोजाग बदलते. गरज का, ते आकड्यांत दिसते. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन; ३० अंशांच्या, ०.१ मिमी टोकाच्या बिटने ०.१ मिमी खोल गेल्यास चर ०.१५ मिमी रुंद होतो, ०.३ मिमी खोल गेल्यास ०.२६ मिमी. जवळजवळच्या पायांची आयसी असेल तर एवढ्या फरकाने पट्टी नाहीशी होते. स्पिंडल सुरू करण्याआधी बिटवरची क्लिप काढायची आठवण मोठ्या अक्षरांत यंत्रावरच चिकटवावी.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक, झाकणाच्या आतून जोडणीचा आराखडा आणि शेजारी सेटिंग्जची छापील यादी, एवढे झाल्यावरच झाकण बंद करावे. मग चाचणी. अक्ष १०० मिमी सरकवून मोजावा, स्पिंडल चालू ठेवून होमिंग, म्हणजे अक्ष लिमिट स्विचपर्यंत नेऊन आरंभबिंदू ठरवणे, पुन्हा पुन्हा करावे, आणि शेवटी कमी कमी रुंदीच्या रेघांचा नमुना कोरावा. पाटी शक्यतो पेपर फिनॉलिकची घ्यावी. ग्लास इपॉक्सीच्या धुळीतले काचतंतू फुप्फुसांना घातक, शिवाय त्याने बिटही लवकर बोथट होते. हा नमुना तारीख घालून यंत्राजवळ टांगावा. पुढे कोणाचा बोर्ड बिघडला तर तोच नमुना पुन्हा कोरून दोन्ही पाट्या शेजारी ठेवाव्यात. दुसरीही नीट उतरली असेल, तर दोष यंत्रात न शोधता फाइलमध्ये किंवा वापरलेल्या बिटमध्ये शोधावा.