मांजराची लक्ष्मणरेषा

कुत्र्याला ‘फाटकाबाहेर जायचे नाही’ असे पाच-सात दिवस बजावले, की ते बिचारे निदान आपल्या देखत तरी फाटकाशी थबकते. मांजराला हे सांगून पाहा! ते तुमचे बोलणे शांतपणे ऐकून घेईल, पंजा चाटील आणि तुमची पाठ वळताच भिंतीवर चढून बसेल.

आमची पहिली मनी अशीच रोज भिंत ओलांडून रस्त्यापलीकडे जाई. ‘मांजरच ते, हिंडायचेच!’ असे म्हणून आम्ही स्वस्थ होतो. एका संध्याकाळी ती परतली नाही. रस्त्याच्या कडेला सापडली, तेव्हा मोटार केव्हाच निघून गेली होती. धाकट्या मुलीने एवढेच विचारले, “बाबा, तिला आपण शिकवलं का नाही?” वर्षाने दुसरी मनी घरात आली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधणे भागच पडले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आपले कुंपण ते मांजराचे कुंपण नव्हे. मांजर आपली हद्द वासाने आखते. दाराच्या चौकटीला ते गाल घासते ते काही लाडाने नव्हे. गालातल्या ग्रंथींचा वास ठेवून ते तेथे जणू सही करीत असते. शिवाय त्याचे पूर्वज एकेकटे शिकार करणारे. कळपाच्या नायकाचा हुकूम मानण्याची सवय त्याच्या रक्तातच नाही. म्हणून ‘जाऊ नकोस’ हे त्याला शिकवणे जवळजवळ अशक्य. पण ‘परत ये’ हे मात्र शिकवता येते.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेली मांजरे फळ्यांच्या पेटीत कोंडून केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. दोरी ओढली की दार उघडे आणि बाहेर खाऊ मिळे. सुरुवातीला मांजर उगाच ओरबाडत, धडपडत बसे. पुढे पुढे ते काही सेकंदांत दोरी ओढू लागे. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती अंगवळणी पडते, हा त्यातला धडा. २०१९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की मांजराला आपले नावही इतर शब्दांतून ओळखू येते. म्हणजे हाक ऐकू येते; ‘ओ’ द्यायची की नाही, हा त्याचा प्रश्न!

तेव्हा आम्ही असे केले. मनीला पहिले तीन आठवडे घरातच ठेवले. प्रत्येक जेवणाआधी तिचे नाव घेऊन वाटीवर चमचा वाजवायचा, हा नेम. लस आणि संततिनियमनाची शस्त्रक्रिया पशुवैद्याकडून करून घेतली. त्यानंतर, विशेषतः बोक्यांची, भटकंती पुष्कळ कमी होते. मग जेवणाच्या थोडे आधी, पोट रिकामे असताना, पट्टा बांधून अंगणात दहा मिनिटे. चमचा वाजला, ती आली, की मासळीचा तुकडा जागच्या जागी. मारणे, अंगावर पाणी फेकणे कटाक्षाने टाळले. त्याने मांजर भिंतीला भीत नाही, आपल्याला भिते. आणि भ्यालेले मांजर हाकेला येत नाही.

तरीही शिकवणीवर सारा भार टाकू नये. कुंपण सहा फुटांच्या आसपास असावे आणि वर दीड-दोन फूट सैलशी जाळी आतल्या बाजूस कललेली असावी. मांजर सरळ चढते, पण डोक्यावर झुकलेल्या, हलणाऱ्या जाळीवरून उलटे चढणे त्याला जमत नाही. भिंतीला टेकलेली फांदी मात्र छाटावी, नाहीतर तोच जिना! सदनिकेत राहणाऱ्यांनी गॅलरीलाच जाळी लावावी. हे अवडंबर वाटेल. पण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १ जुलै २०२२ पासून जन्मलेली मांजरे मालकाच्या आवारातच ठेवावीत, असा नियम आहे. त्यात मांजरांचा जीव वाचतो आणि पाखरांचाही.

दिवाळीत मात्र कोणतीच शिकवण कामास येत नाही. फटाक्याने बिथरलेले मांजर दिसेल त्या दिशेने पळते. म्हणून अंधार पडण्यापूर्वीच त्याला आतल्या खोलीत घ्यावे, खिडक्या लावाव्यात, दडायला एखादे खोके द्यावे आणि तेथून ओढून काढू नये.

आमची मनी आजही भिंतीकडे टक लावून बसते. तिच्या मनातून पलीकडचा रस्ता गेला आहे, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दिवेलागणीला मुलगी वाटी वाजवते आणि जास्वंदीच्या आडून शेपटी उभारून मनी येते. ती उंबरठ्याच्या आत आली, की मुलगी दाराला कडी घालते आणि मगच अभ्यासाला बसते.