पडद्याची बोबडी वळते तेव्हा

दादासाहेब फाळके ज्या बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, त्या शहरात मराठी आणि गुजराती एकाच ओसरीवर नांदतात. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा बसलेला माणूस आणि काम आटोपून मोकळी झालेली बाई 'नवरी', मग ती साठीची का असेना! 'ओरडो' म्हणजे खोली. कोणी 'जम्या?' विचारलं, तर चौकशी जेवणाची असते, काम जमलं की नाही याची नव्हे. आपल्या सीमाभागाला यात नवल ते काय? मराठीतली ताई कन्नडमध्ये शिरली की 'तायी', म्हणजे थेट आईच होते.

फाळक्यांना ही अडचण आली नाही. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मुका होता, सगळा संवाद पाट्यांवर. नटाची जीभ कशी वळते, याची फिकीर कोणाला?

पंचाईत झाली ती १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा'ने. नायक मास्टर विठ्ठल मूकपटांत तलवार गाजवलेला मराठी गडी. या बोलपटासाठी त्यांनी शारदा कंपनीचा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि वकील जिनांनी ते जिंकून दिलं. पण उर्दूपुढे जिनांचाही इलाज चालेना! उच्चार काही केल्या साधेनात. शेवटी दिग्दर्शक आर्देशीर इराणींनी नायकाला बराचसा चित्रपटभर अर्धवट गुंगीत ठेवलं. पहिल्या बोलपटाचा नायक कमीत कमी बोलणारा! या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे ती गुंगी कशी वठली होती हे पाहायची सोय नाही.

सुलोचना म्हणजे रूबी मायर्स यांनाही हिंदुस्थानी येत नव्हती. त्या चक्क वर्षभर घरी बसून भाषा शिकल्या आणि १९३२ च्या 'माधुरी'तून परतल्या. मला विचाराल तर खरी बहादुरी ही.

हॉलिवूडचे सॅम्युअल गोल्डविन मूळचे वॉर्साचे, घरची भाषा यिडिश. तोंडी कराराला तो लिहिलेल्या कागदाइतकीही किंमत नसते, असलं बरंच काही त्यांच्या नावावर खपतं. त्यातलं पुष्कळसं प्रसिद्धी खात्यातल्या मंडळींनी रचलेलं, असंही म्हणतात.

आपल्याकडे तर भाषांनी घरंच बदलली. कन्नडचा पहिला बोलपट 'सती सुलोचना' (१९३४) चित्रित झाला कोल्हापुरात. आणि हुबळीकडच्या, कन्नड मातृभाषेच्या शांता हुबळीकर 'प्रभात'च्या 'माणूस'मध्ये (१९३९) मैना झाल्या. त्यात त्या एकच गाणं कडव्यागणिक भाषा बदलत गातात. आपल्या घरातल्या आजीबाईंना त्याचं फारसं अप्रूप वाटणार नाही. दूधवाल्याशी एक, जावेशी दुसरी आणि देवाशी तिसरीच भाषा, असाच त्यांचा दिवस सरतो.