सूचनेची प्रश्नार्थक रूपे
इंग्रजीत सूचना करताना आज्ञार्थी क्रियापदापेक्षा प्रश्नाचे रूप अनेकदा पसंत केले जाते. ‘व्हाय डोन्ट वुई गो?’ असे म्हणणाऱ्याला कारण जाणून घ्यायचे नसते, तर ऐकणाऱ्याची संमती हवी असते. शब्दशः अर्थाहून वेगळे कार्य करणाऱ्या अशा वाक्यांना तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९७५ मध्ये अप्रत्यक्ष वाक्कृती म्हटले, तर भाषेचे अभ्यासक पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी अप्रत्यक्षतेचा संबंध सभ्यतेशी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या निर्णयस्वातंत्र्यावर येणारा दाब सौम्य करण्याशी जोडला.

सूचनेच्या विविध रचनांसाठी व्याकरणाचे नियम मात्र सरसकट एक नाहीत: ‘लेट्स’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, ‘हाउ अबाउट’नंतर सहसा ‘गोइंग’सारखे रूप येते आणि ‘आय सजेस्ट यू टू गो’ ही भारतात वारंवार कानी पडणारी रचना प्रमाण इंग्रजीत चुकीची ठरते.

मत विचारताना शब्दांची निवड अधिकच महत्त्वाची असते, कारण ‘व्हॉट डू यू थिंक?’ हा प्रश्न उत्तर खुले ठेवतो, तर ‘डोन्ट यू थिंक...?’ होकार गृहीत धरतो, त्यामुळे वरिष्ठाने कनिष्ठाला असे विचारल्यास प्रामाणिक मतभेद व्यक्त होणे कठीण बनते. पाठांतरावर भर देणाऱ्या अध्यापनात हा भेद दुर्लक्षित राहणे खेदजनक आहे.